शेजारी कोण बसणार, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं रोज गाडी चालवता, आजवर साधा ओरखडाही नाही, आणि आता ट्रॅकवर वेगात गाडी चालवायला रीतसर शिकायचं आहे. समोर तीन पर्याय आहेत. पहिला अर्ध्या दिवसाचा, त्यात पाचशे अश्वशक्तीची स्पोर्ट्स कार चालवायला मिळते. दुसरा एका मोटर क्लबचा दिवसभराचा वर्ग, गाडी तुमची आणि शेजारी त्यांचा इन्स्ट्रक्टर. तिसरा रेसिंग शाळेचा तीन दिवसांचा कोर्स, शेवटी प्रमाणपत्र. यातला कोणता घ्यावा, आणि साधी हॅचबॅक ट्रॅकवर नेली तर हसं होईल का?

हसं होणार नाही. दुसरा घ्या. त्याच्याआधी ओल्या फरशीवर गाडी घसरवून सावरायला शिकवणारा अर्ध्या दिवसाचा वर्ग मिळत असेल, तर तो आधी करा. तिसरा वर्षभराने बघू. पहिल्याला मी कोर्स म्हणतच नाही. वाढदिवसाला कुणी भेट दिला तर मजेत जाऊन या.

गेली अठरा वर्षं मी नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर बसतोय. माझी स्वतःची सुरुवात मात्र त्या पहिल्या प्रकारातूनच झाली होती. लाल रंगाची, कान बधिर करणारी गाडी होती. पुढे त्यांची एक गाडी, मागे आम्ही तिघे रांगेत, सगळे मिळून चार फेऱ्या. प्रत्येक वळणाआधी पुढची गाडी इतकी हळू व्हायची की माझ्या हातून चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. सरळ रस्त्यावर पेडल दाबलं की पाठ सीटला चिकटायची. घरी आलो तेव्हा गाडी वेगवान आहे एवढंच कळलं होतं, आणि ते तर आधीपासूनच माहीत होतं.

वेगवान गाडी नवशिक्याला का शिकवत नाही, याचं साधं गणित आहे. समजा, एक वळण ताशी ६० किमीने घ्यायचं आहे. तुमची हॅचबॅक त्या वळणापाशी ताशी १३० ने पोचते. चांगले टायर, कोरडा रस्ता, पूर्ण ब्रेक असं धरलं तर १३० वरून ६० वर यायला साधारण ५२ मीटर लागतात. स्पोर्ट्स कार त्याच जागी १८० ने पोचते, आणि तिला साधारण ११३ मीटर लागतात. वेग दीडपटही वाढला नाही, पण अंतर दुपटीच्या पुढे गेलं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय १८० ला गाडी सेकंदाला ५० मीटर कापते. ब्रेक कुठे मारायचा हे ठरवण्यात तुमचा अर्धा सेकंद गेला, तर २५ मीटर गेले. मग माणूस काय करतो? घाबरून खूप आधी ब्रेक मारतो आणि वळणात गाडी नुसती रांगत नेतो. टायर आपल्या क्षमतेच्या जवळपासही जात नाहीत. शिकण्यासारखं सगळं त्या क्षमतेच्या आसपास घडत असतं, तिथवर तुम्ही पोचतच नाही. साध्या गाडीत ती सीमा कमी वेगात येते, चूक संथपणे उलगडते, आणि मला शेजारून बोलायला वेळ मिळतो.

आता कोर्स मोजायचा कसा? जाहिरातीत ‘पूर्ण दिवस’ लिहिलेलं असतं. त्यातली तुमच्या हातात स्टिअरिंग असलेली मिनिटं किती, ते विचारा. क्लबच्या नेहमीच्या दिवसात वीस-वीस मिनिटांची चार सत्रं असतात, म्हणजे ८० मिनिटं. प्रत्येक सत्रातली पहिली फेरी टायर-ब्रेक गरम करण्यात आणि शेवटची थंड करण्यात जाते, म्हणजे कामाची तासभर उरतात. ऐकायला कमी वाटेल, पण नवशिक्याचं डोकं त्याहून जास्त झेलत नाही. दुपारनंतरच्या शेवटच्या सत्रात मी माणसाच्या चुका वाढताना पाहतो आणि बऱ्याचदा ते सत्र अर्ध्यावरच थांबवतो. काही शाळांमध्ये दोन विद्यार्थ्यांत एक गाडी असते. तिथे आठ तासांचे प्रत्यक्षात किती उरतात, ते स्वतः वजा करून पाहा.

ट्रॅकची लांबीही बघा. हा मुद्दा फारसं कुणी बोलत नाही. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफचं नाव ऐकून अनेकजण तिथूनच सुरुवात करायची म्हणतात. तो २०.८ किलोमीटरचा आणि सत्तरहून जास्त वळणांचा. नवशिक्याला एका फेरीला दहा-बारा मिनिटं सहज लागतात, म्हणजे वीस मिनिटांत एखादं वळण जेमतेम दोनदा भेटतं. तीन किलोमीटरच्या ट्रॅकवर तेच वळण तेवढ्याच वेळात दहा वेळा भेटतं. चूक आठवणीत ताजी असतानाच दुरुस्त करायची संधी मिळते. लहान, साधा, कडेला मोकळं मैदान असलेला ट्रॅक पहिल्या दिवसासाठी सर्वात चांगला. भिंती आणि कठडे जवळ असलेला ट्रॅक, कितीही प्रसिद्ध असो, नंतर.

सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे शेजारी बसणारा. फी भरण्याआधी फोन करून पुढचं सगळं विचारा: इन्स्ट्रक्टर गाडीत बसतो की रेडिओवरून बोलतो? एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी? दिवसभर तोच असतो की प्रत्येक सत्राला नवा? सत्र संपल्यावर बसून बोलतो का? आणि इन्स्ट्रक्टर होण्यासाठी त्याला कुणी शिकवलंय का? शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस अडखळला, किंवा ‘आमचे सगळे रेसर आहेत’ एवढंच म्हणाला, तर सावध व्हा. वेगात गाडी चालवणं आणि ते दुसऱ्याला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चांगल्या रेसरचे हात आपोआप चालतात, आणि जे आपोआप होतं ते शब्दांत सांगणं त्यालाच सर्वात अवघड जातं. असे काही इन्स्ट्रक्टर मी पाहिलेत. विद्यार्थ्याला बाजूला बसवून स्वतः पाच फेऱ्या मारतात, ‘असं करायचं’ म्हणतात आणि उतरतात. विद्यार्थ्याच्या वाट्याला उलटी आणि कौतुक.

दिवसभर तोच इन्स्ट्रक्टर असणं मला फार मोलाचं वाटतं. सकाळी मी माणसाचे डोळे बघतो. नवशिक्या बॉनेटच्या पुढच्या दहा मीटरांकडे बघत असतो. म्हणून वळण त्याच्यावर चालून येतं आणि स्टिअरिंग तुकड्या-तुकड्यांत फिरतं. पहिल्या सत्रात मी एकच शब्द बोलतो, ‘डोळे’. ब्रेक मारायच्या आधी वळायची जागा बघा, वळताना एपेक्स, म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेच्या सर्वात जवळ येते तो बिंदू, बघा, एपेक्सला पोचायच्या आत बाहेर पडायची जागा बघा. दुपारपर्यंत डोळे वर आले की हात आपसूक शांत होतात, हातांबद्दल वेगळं बोलावंच लागत नाही. आता दुसऱ्या सत्राला नवा इन्स्ट्रक्टर आला आणि त्याने हातांपासून सुरुवात केली, तर सकाळचं सगळं वाया. चांगला इन्स्ट्रक्टर एका वेळी एकच गोष्ट सांगतो, थोडक्यात सांगतो, आणि वळणाच्या आधी सांगतो. वळणात ओरडणारा तुमच्या काही उपयोगाचा नाही.

मी आधी करायला सांगितलेल्या घसरण्याच्या वर्गाबद्दल थोडं. मोठी ओली फरशी असते, तिला स्किड पॅड म्हणतात. तिच्यावर ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात गाडी फिरवायची. वेग हळूहळू वाढवला की एका क्षणी पुढची चाकं ऐकेनाशी होतात, स्टिअरिंग जास्त वळवलं तरी गाडीचं नाक बाहेरच जातं. हे अंडरस्टीअर. इथे प्रत्येक माणूस आधी स्टिअरिंग अजून वळवतो, आणि त्याने काम बिघडतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलायचा, स्टिअरिंग किंचित सरळ करायचं, पुढच्या चाकांवर वजन येऊ द्यायचं, की पकड परत येते. पण तोच पाय एकदम उचलला तर मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटतं. ते ओव्हरस्टीअर. मग जिकडे जायचं तिकडे बघायचं, स्टिअरिंग तिकडे फिरवायचं, आणि गाडी सावरली की लगेच परत सोडायचं. ही परत सोडायची गोष्ट पुस्तक वाचून कुणालाच जमत नाही. गाडी सावरते, स्टिअरिंग मात्र फिरलेलंच राहतं, आणि ती उलट्या बाजूला फेकली जाते. ओल्या फरशीवर हे सगळं ताशी ४० च्या आसपास घडतं. आजूबाजूला आपटायला काही नसतं, टायरही फारसे झिजत नाहीत. ट्रॅकवर हाच धडा ताशी शंभरला शिकायचा म्हणजे फार महाग पडतो.

त्याच वर्गात पूर्ण ब्रेकचा सराव घेतात का, तेही विचारा. रोज गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाही ब्रेक पूर्ण ताकदीने दाबलेला नसतो. एबीएसचं पेडल पायाखाली थरथरलं की घाबरून पाय उचलतात. बॉश आणि मर्सिडीजने १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस रस्त्यावरच्या गाडीत आणलं, त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी ती थरथर म्हणजे काहीतरी मोडलं असंच पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं. मी विद्यार्थ्याला सांगतो, पेडल तोडायचंय असं समजून दाबा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमतं. मग ब्रेक दाबून धरलेला असतानाच शंकूला वळसा घालायला लावतो, कारण एबीएस मुळात त्याचसाठी आहे: चाकं लॉक होऊ न देता गाडी वळती ठेवायची.

टायरची पकड ही एकच थैली आहे. ब्रेक, वळण आणि वेग तिघांनाही त्याच थैलीतून खर्च करायचा असतो. सगळी पकड ब्रेकवर उधळली तर वळायला काही उरत नाही. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम याच्या नावाने ओळखलं जाणारं वर्तुळ हेच दाखवतं. कोर्सच्या सकाळच्या वर्गात फळ्यावर हे वर्तुळ निघालं नाही, तर दिवसभर तुम्हाला नुसत्या सूचना मिळतील आणि त्यांच्यामागचं कारण कळणार नाही.

पहिल्या दिवशी काय शिकवू नये, यावरूनही शाळा ओळखता येते. ब्रेक सरळ रस्त्यावर संपवायचा, मग वळायचं, एपेक्सनंतर हळूहळू पेडल द्यायचं, एवढं पुरे. ब्रेक हलका करत-करत वळणात शिरणं, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, पुढे उपयोगी आहे, पण पहिल्या दिवशी नको. हील-टो, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबत गिअर उतरवणं, तर अजिबात नको. ते शिकण्याच्या नादात माणूस ब्रेकचा दाब विसरतो. नवशिक्यांच्या गटात फेरीचे वेळ मोजत असतील, तर तिथे जाऊच नका. घड्याळ दिसलं की माणूस शिकणं सोडून शर्यत लावतो. ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी यंत्रणा, बंद करायला लावणाऱ्यांपासूनही दूर राहा. उलट ते चालू ठेवून डॅशबोर्डवर त्याचा दिवा कुठे-कुठे लुकलुकतो ते लक्षात ठेवा, तुमच्या चुकांचा फुकटचा नकाशा मिळतो.

ओव्हरटेकचा नियमही विचारा. नवशिक्यांच्या गटात तो फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर, आणि पुढच्याने हात बाहेर काढून बाजू दाखवल्यावरच हवा. झेंड्यांचा वर्ग सकाळी नीट घेतला गेला पाहिजे: पिवळा, लाल, निळा, काळा. लाल झेंडा दिसला की काही ठिकाणी कडेला जागीच थांबायचं असतं, तर काही ठिकाणी हळू चालवत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, यायचं असतं. हे आधी एकमताने ठरलं नाही, तर एकजण थांबतो आणि मागचा त्याच्यावर येऊन आदळतो. सकाळच्या सूचनांना उशिरा आलेल्याला जी संस्था ट्रॅकवर सोडत नाही, ती संस्था चांगली. मला एकदा याच कारणाने परत पाठवलं होतं. तेव्हा राग आला होता.

आता तुमची हॅचबॅक. कमी ताकदीची, हलकी, पुढची चाकं ओढणारी गाडी नवशिक्याला उत्तम. उंच एसयूव्ही बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, गुरुत्वमध्य वर असल्याने ती उलटण्याचा धोका जास्त. उघड्या छताच्या गाडीला रोल बार, म्हणजे उलटली तर डोकं वाचवणारी कमान, लागतो. इंजिनात काहीही बदल करू नका. पैसे आणि वेळ ब्रेकवर घाला. पॅड किमान अर्धे उरलेले हवेत, आणि ब्रेक फ्लुइड नवं हवं. ते हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ४ दर्जाचं ताजं फ्लुइड निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते, पाणी शिरलेल्याला हीच मर्यादा १५५ वर येते. रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. ट्रॅकवर दर दीड-दोन मिनिटांनी तेच जोरदार ब्रेक लागले की फ्लुइड उकळतं, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही.

हे मी शेजारी बसून अनुभवलंय. विद्यार्थ्याने नवेकोरे पॅड टाकून आणले होते, फ्लुइड मात्र चार वर्षांपूर्वीचं. दुसऱ्या सत्राच्या सहाव्या फेरीला पेडल थेट तळाला गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तो बघण्याचा क्षण मला अजून आठवतो, कारण गाडी त्या वेळी ताशी ११० ने चालली होती. ‘पंप करा, गिअर खाली’ एवढं बोलून मी स्टिअरिंग हलकं धरून गाडी सरळ गवतावर काढली. गाडी थांबली, दोघेही हसलो, मग बराच वेळ कुणीच काही बोललो नाही. तेव्हापासून सकाळी गाडी तपासताना फ्लुइड कधी बदललं हे मी स्वतः विचारतो, आणि तुमच्या कोर्समध्ये ते कुणी विचारलं नाही तर तुम्हीच त्यांना आठवण करा.

टायर रस्त्यावरचेच चालतील, फार चिकट टायर नकोत. चिकट टायर चूक झाकतात आणि सुटतात तेव्हा न सांगता सुटतात. साधा टायर आधी किंचाळून सांगतो. हवा सकाळी थंड असताना बघा आणि सत्रानंतर लगेच परत बघा, गरम झाल्यावर दाब चांगलाच वाढलेला असतो. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. गाडीतली पाण्याची बाटली, मोबाईल, मॅट, डिकीतला जॅक, सगळं बाहेर काढा. ब्रेकच्या पेडलखाली घरंगळत आलेली बाटली मी पाहिलेली आहे. आणि सत्र संपवून गाडी उभी केली की हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कला किंवा ड्रमला पॅड चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा.

विम्याची पॉलिसी बारकाईने वाचा. ट्रॅकवर झालेलं नुकसान अनेक नेहमीच्या पॉलिसी भरून देत नाहीत, मग ती शर्यत असो वा शिकवणी. कठडा तुटला तर त्याचा खर्च कुणी द्यायचा, हे आयोजकांच्या करारात लिहिलेलं असतं आणि तो करार कुणी वाचत नाही. गाडी मोडली तर उद्या कामावर कसं जायचं, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर शाळेची गाडी देणारा कोर्स निवडा आणि नुकसानीची कमाल मर्यादा लिहून घ्या. फक्त त्यात दर माणशी एक गाडी आहे ना, ते बघा.

हेल्मेट पहिल्या दिवशी भाड्याने घ्या. विकत घ्यायचं ठरवलं तर स्नेल संस्थेचा शिक्का बघा. ‘एसए’ म्हणजे मोटरस्पोर्टसाठी, त्यात आगीची चाचणी असते. ‘एम’ म्हणजे मोटरसायकलचं, त्यात ती नसते. काही आयोजक एम चालवून घेतात, काही नाही, म्हणून खरेदीआधी विचारा.

राहिला तीन दिवसांचा रेसिंग कोर्स. या शाळांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत बॉब बॉन्ड्युरंटने १९६८ मध्ये आणि स्किप बार्बरने १९७५ मध्ये आपली शाळा काढली, आणि बीएमडब्ल्यूने १९७७ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी ड्रायव्हर ट्रेनिंग सुरू केलं. चांगल्या शाळेत तीन दिवसांत जे मिळतं ते एकेका दिवसाच्या वर्गांत वर्षभरात मिळणार नाही, हे मान्य. पण तिसऱ्या दिवशी ते शर्यतीची सुरुवात, जवळून ओव्हरटेक, ट्रेल ब्रेकिंग यावर येतात. ज्याचे डोळे अजून बॉनेटवरच आहेत, त्याच्या डोक्यावरून तो दिवस जातो. तेच दोन-तीन ट्रॅक दिवस करून गेलात तर त्याच पैशात दुप्पट हाती लागतं. प्रमाणपत्राबद्दल म्हणाल, तर शर्यतीचा परवाना काढायचा नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. काढायचा असेल, तर परवाना देणारी संस्था त्या शाळेचं प्रमाणपत्र धरते का, हे त्या संस्थेलाच विचारा, शाळेला नको.

मधल्या काळात कार्टिंग करा. भाड्याच्या कार्टमध्ये एबीएस नसतं, बहुतेक वेळा ब्रेकही फक्त मागच्या चाकांना असतो, त्यामुळे दांडगाई केली की ती लगेच गोल फिरते. सिम्युलेटरवर तुमच्या ट्रॅकची वळणं पाठ होतात, ते चांगलंच. मात्र तिथे पाठीला काही कळत नाही, आणि तिथला वेग डोक्यात घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात मला फार आवरावा लागतो.

तेव्हा क्लबला फोन करा, वर सांगितलेले प्रश्न विचारा, आणि आणखी एक: नाव नोंदवण्याआधी एखाद्या दिवशी नुसतं बघायला येऊ का? हो म्हणाले तर जा आणि ट्रॅककडे फार बघू नका. सत्र संपवून गाड्या परत येतात तिथे उभे राहा. इन्स्ट्रक्टर दार उघडून सरळ चहाकडे निघतात, की इंजिन बंद झाल्यावरही पाच मिनिटं गाडीतच बसून हातवारे करत बोलत राहतात, ते बघा.